सेबीची इनसायडर ट्रेडिंग खबर योजना: चांगली आहे, पण वसूल केलेला पैसा जातो कुठे

ज्यांच्याकडे बँकांचे शेअर आहेत त्यांनी ही योजना एकदा नीट वाचाच. आतली माहिती वापरून कुणी शेअरमध्ये कमावलं आणि तुम्हाला ते पक्कं ठाऊक असेल तर सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, फॉर्म भरून कळवायचं, डिसेंबर 2019 पासून ही सोय आहे. त्या कमावणाऱ्याकडून वसुली किमान 1 कोटीची झाली तर त्याच्या 10 टक्के बक्षीस, कमाल मर्यादा आधी 1 कोटी होती ती 2021 मध्ये 10 कोटी केली. नाव सांगायचं नसेल तर वकिलामार्फत देता येतं, आणि खबर दिली म्हणून कंपनी तुम्हाला नोकरीवरून काढू शकत नाही. मला हाच भाग सगळ्यात जास्त आवडला, कारण दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाची फाइल काय दोन साहेबांच्या टेबलावरच राहत नाही, असे सौदे जुळवणारे मर्चंट बँकर, वकील, ऑडिटर, सेक्रेटरी, कितीतरी हातांतून जाते, आणि खरं काय घडलं ते यातल्याच कुणाला तरी माहीत असतं.

बँक ऑफ राजस्थानचं आठवा. 18 मे 2010 ला शेअर 20 टक्के वर, अप्पर सर्किट (म्हणजे एका दिवसात भाव वाढण्याची कमाल मर्यादा), 99 रुपयांच्या आसपास बंद, आणि बाजार सुटल्यावर आयसीआयसीआयशी विलीनीकरण जाहीर! बँक ऑफ राजस्थानच्या 118 शेअरला आयसीआयसीआयचे 25, म्हणजे राजस्थानच्या एका शेअरला साधारण 188 रुपये. नुसता भाव वाढला म्हणून कुणी गैरव्यवहार केला असं सिद्ध होत नाही, ते मान्य. पण त्याच दिवशी 99 ला विकून मोकळा झालेला साधा माणूस, त्याचं काय?

इथेच योजना कमी पडते. इनसायडरकडून नफा व्याजासकट वसूल होतो, दंड वेगळा, पण तो नफा सहसा गुंतवणूकदार संरक्षण आणि शिक्षण निधीत जातो, विकणाऱ्याच्या खात्यात नाही. बक्षीसही त्याच निधीतून. अमेरिकेत 1988 च्या कायद्याने त्याच वेळी उलट बाजूने व्यवहार केलेल्यांना, म्हणजे इनसायडर घेत असताना विकणाऱ्यांना, त्याच्यावर थेट दावा लावता येतो. आणि आपल्याकडे जमत नाही असं कुणी म्हणू नका, 2003 ते 2005 च्या आयपीओ (कंपनीची पहिली शेअर विक्री) घोटाळ्यातली वसुली सेबीनेच 2010 मध्ये 12 लाखांहून जास्त गुंतवणूकदारांना वाटली होती. कुणी कधी किती विकले त्याची नोंद एक्स्चेंजकडे, म्हणजे शेअर बाजाराकडे, असतेच की.

पाचपैकी साडेतीन स्टार. खबर देणाऱ्याला संरक्षण यासाठी पूर्ण मार्क, दीड कापला तो त्या 99 वाल्यासाठी.