२००१ च्या एफ-२५० ला २००६ चे अ‍ॅक्सल आणि ब्रेक: हिवाळा-उन्हाळा चालवून झाल्यावर

तुमचा ट्रक बहुतेक वेळ मोकळाच फिरत असेल, तर हा खर्च करू नका. चांगले पॅड, नव्या डिस्क, ताजं ब्रेक ऑइल आणि मोकळे सरकणारे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे) एवढ्यावर जुना सुपर ड्यूटी, म्हणजे फोर्डचा एफ-२५०, एफ-३५० वर्गातला जड पिकअप ट्रक, व्यवस्थित थांबतो. पण मागे जड ट्रेलर लावून डोंगर उतरत असाल, तर हे काम जरूर करा, आणि पुढे-मागे दोन्हीकडे करा.

आम्ही कोलोरॅडोत डेन्व्हरच्या बाजूला राहतो आणि डोंगरापलीकडे, ग्रँड जंक्शनच्या अलीकडे, थोडी जमीन आहे. ट्रॅक्टर, खांब, पाण्याच्या टाक्या असं सगळं आय-७० महामार्गावरून न्यावं लागतं. वाटेत आयझेनहॉवर बोगदा लागतो, समुद्रसपाटीपासून ११,१५८ फूट. बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत आठेक मैल सलग उतार आहे, बराचसा सात टक्क्यांचा. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रस्त्याच्या कडेला खडीचे चढ करून ठेवलेत, त्यावरून काय ते समजा. पुढे व्हेल पासचा घाट आहेच.

ट्रक २००१ चा, ७.३ लिटर डिझेल, सहा गिअरचा मॅन्युअल, फोर व्हील ड्राइव्ह. ट्रेलर आणि सामानासकट सगळं मिळून सात टनांच्या आसपास जातं. बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्नपर्यंत आपण साधारण ६४० मीटर खाली येतो. सात टन तेवढं खाली आणायचं म्हणजे सुमारे १२ युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवायची. थोडी वाऱ्यात आणि टायरांत जाते, थोडी इंजिनात. जुन्या डिझेलला पेट्रोल इंजिनासारखी हवा अडवणारी झडप नसते, त्यामुळे पाय काढला तरी इंजिन फारसं धरत नाही. उरलेली सगळी ऊर्जा उष्णता होऊन डिस्कमध्ये जाते. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. ओल धरलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १४० आहे. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पॅडल फरशीकडे जातं. त्याआधी पॅड तापून धरणं सोडतात, तो वासही ओळखीचा होतो.

मग नुसते मोठे ब्रेक का नाही लावले? पुढच्या बाजूला ब्रेक, हब, नकल (ज्यावर चाक वळतं तो भाग) आणि अ‍ॅक्सल एकमेकांसाठीच बनवलेले असतात. माझ्या ट्रकला पुढे डाना ५० नावाचा अ‍ॅक्सल होता, नऊ इंची क्राउन गिअरचा (अ‍ॅक्सलमधलं मोठं दातेरी चक्र), पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, बसवलेला. २००५ मध्ये फोर्डने फोर व्हील ड्राइव्ह सुपर ड्यूटीच्या पुढच्या पाट्या काढून कॉइल स्प्रिंग आणल्या आणि त्याबरोबर वेगळा डाना ६० दिला: पावणेदहा इंची क्राउन, जाड बॉल जॉइंट, आणि चाक जास्त वळू देणारे नकल. डिस्क साधारण १३ इंचांवरून साडेतेरा इंचांच्या वर गेली. व्यासातला हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. खरा फायदा डिस्कच्या वजनात आहे. लोखंड जास्त, म्हणून तेवढीच उष्णता घेऊन ती कमी तापते.

आम्ही भंगार यार्डातून २००६ च्या एफ-३५० ची पुढची-मागची जोडी आणली. विकत घेताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा: गिअर रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे घेतो ते. माझ्याकडे ३.७३ होता, म्हणून ३.७३ चीच जोडी शोधली. पुढचा आणि मागचा रेशो वेगळा असला आणि कोरड्या रस्त्यावर फोर व्हील लावलं, तर ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सची) वाट लागते. चाकाच्या बोल्टांची मांडणी तीच राहते, आठ बोल्ट, १७० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. मात्र जुनी १६ इंची चाकं नव्या कॅलिपरवर बसत नाहीत. किमान १७ इंची लागतात, म्हणजे टायरही नवे. बजेट मांडताना हा खर्च बरेच जण धरतच नाहीत.

मागचा अ‍ॅक्सल सरळ काम आहे. पुढचा नाही. कॉइलसाठी चासीवर स्प्रिंगच्या बैठका, रेडियस आर्मचे (अ‍ॅक्सल पुढे-मागे धरणाऱ्या दांड्यांचे) ब्रॅकेट आणि ट्रॅक बार (अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) बसवावा लागतो. यासाठी तयार किट मिळतात, पण चासीला भोकं पाडायची आहेत हे विसरू नका. ज्याने हे काम आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या. ट्रॅक बार आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा जोर चाकांकडे नेणारा दांडा) एकमेकांना समांतर हवेत, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग स्वतःहून फिरेल. सगळं जागेवर आल्यावर ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढली, डॉट ४ भरलं, आणि रिकाम्या रस्त्यावर मध्यम ब्रेक मारत, मध्ये थंड होऊ देत पॅड बसवून घेतले. ही पायरी गाळू नका, कारण पॅडचा थर डिस्कवर सारखा बसला नाही तर महिन्याभरात स्टिअरिंग थरथरायला लागतं.

आता मुख्य गोष्ट. मोकळ्या गाडीत थांबायचं अंतर कमी झालं का? मला तरी फारसं जाणवलं नाही. जाणवलं ते उताराच्या शेवटी. बोगद्यातून निघून तिसऱ्या गिअरमध्ये उतरताना वेग वाढला की ठाम दाबायचं, वेग खाली आणायचा, सोडायचं. पूर्वी दर वेळी पाय थोडा जास्त दाबावा लागे आणि सिल्व्हरथॉर्न येईतो मन पॅडलवरच असे. आता खालच्या सिग्नलला पॅडल तेवढ्याच ताकदीने धरतं, जेवढं वर धरत होतं. मला एवढंच हवं होतं, आणि मिळालं. आपल्या घाटातले जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. तो नियम मोठे ब्रेक लावल्यावरही सुटत नाही.

ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर मात्र पुन्हा जुळवावा लागला. ट्रक आधीपेक्षा चांगला धरतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर ट्रेलर मागून ढकलतोय असं वाटायचं.

रोजच्या वापरात सगळ्यात मोठं सुख कशाचं असेल तर वळणाचं. पाट्यांवरचा जुना ट्रक दुकानाच्या पार्किंगमध्ये दोनदा मागे-पुढे केल्याशिवाय वळत नसे. आता एकदाच वळतो. ट्रेलर लावून शेताच्या फाटकातून आत शिरणंही सोपं झालंय. पुढची बाजू खड्ड्यांत आपटत नाही. घरच्यांना ब्रेकचं कौतुक कळत नाही, पण हे लगेच कळलं.

तक्रारी आहेत. पॅडल आधीपेक्षा किंचित खोल जातं. मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) जुनाच आहे आणि मोठ्या कॅलिपरला ऑइल जास्त लागतं. आठवड्याभरात सवय होते. पहिल्या काही शे मैलांनंतर ट्रॅक बारचे बोल्ट पुन्हा आवळावेच लागतात. तिथे जरा खेळ राहिला तर एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाकं जोरात थडथडू लागतात, आणि ते फार भयानक असतं. दर ऑइल चेंजला ट्रॅक बारचं बुश आणि बॉल जॉइंट हलवून बघतो.

इथे हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड हे क्षार फवारतात. त्याने कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना गंजून अडकतात, मग एकच पॅड झिजतो आणि गाडी एका बाजूला ओढते. बर्फ संपल्यावर पिना काढून, पुसून, रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं. दोन्हीकडचे पॅड मोजले, झीज सारखी निघाली.

आणखी एक गोष्ट, कारण यावरून लोक हमखास वाद घालतात. एफ-३५० चे अ‍ॅक्सल आले म्हणून ट्रक एफ-३५० होत नाही. दारावरच्या स्टिकरवर ट्रक आणि त्यावरचा भार मिळून (ओढलेला ट्रेलर वेगळा) ८,८०० पौंड लिहिलंय, तेवढीच मर्यादा कायद्याने आणि विम्याच्या दृष्टीने राहते. चासी, मागच्या पाट्या, हिच (ट्रेलर जोडायचा हूक) सगळं तेच आहे. मी एक पौंडही जास्त लादत नाही.

एकूण खर्च, मजुरी आणि टायर धरून, अशा जुन्या ट्रकच्या बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्शाच्या घरात गेला. इंजिन आणि चासी ठणठणीत असेल तरच हे परवडतं. चासीला गंज खोल लागलेला असेल तर तेच पैसे २००५ नंतरच्या ट्रकमध्ये घाला. माझं पुढचं काम एक्झॉस्ट ब्रेकचं (धुराची वाट अडवून इंजिनालाच गाडी धरायला लावणाऱ्या झडपेचं) आहे, म्हणजे त्या १२ युनिटांतला मोठा वाटा डिस्कपर्यंत पोचणारच नाही.