ऑक्टाव्हिया आरएसचा रेडिएटर फॅन गेलाय: शोरूम, बिनलोगोचा, जुना की रिवाइंडिंग?

कोल्हापुरात स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचा रेडिएटर फॅन गेला आणि चार ठिकाणी विचारलं की चार उत्तरं मिळणार हे धरूनच चाला. शोरूमवाले म्हणणार पूर्ण असेंब्ली बदलायला लागणार, उद्यमनगरातला वायंडर (मोटार रिवाइंड करणारा) म्हणणार मोटार सोडवून आणा संध्याकाळी देतो, कुर्ल्याचा पार्टवाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकणार की एकदम ओरिजिनल काढलेला माल आहे, आणि गाडीवेडा एखादा दोस्त म्हणणार स्पालचा (रेसवाल्या कंपनीचा) फॅन टाक भावा, विषय संपला. चौघंही आपापल्या जागी बरोबरच असतात, फक्त प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या गाडीला लागू पडतं. हे मी २०१७ च्या २३० पीएसवाल्या (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवर) आणि २०२० च्या २४५ वाल्या आरएससाठी लिहितोय. पोलो जीटी टीएसआयवाल्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न म्हणजे फॅन खरंच गेलाय का. हायवेला साठ-सत्तरच्या पुढं समोरचं वारंच रेडिएटरला पुरतं, म्हणून पुण्याला जाऊन आलं तरी काय कळत नाही आणि कावळा नाक्याच्या सिग्नलला थांबलं की एसी गरम मारायला लागतो. हे पहिलं लक्षण, टेंपरेचरचा काटा नंतर. आणि काट्यावर तर विसंबूच नका, फोक्सवॅगन-स्कोडाचा काटा मुद्दाम ९० वर चिकटवून ठेवलेला असतो, आत कूलंट साधारण ७५ असो की १०५, काटा आपला मधोमध. तो हलला म्हणजे आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. ओबीडी डोंगल (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटात बसणारं छोटं यंत्र) लावून मोबाईलवर खरा आकडा बघा.

मग स्कॅनरवरून फॅनला आउटपुट टेस्ट द्या, म्हणजे फॅनला थेट फिरायचा हुकूम. फॅन फिरला तर दोष दुसरीकडं आहे, एसीचा प्रेशर सेन्सर, कूलंट सेन्सर किंवा थर्मल मॅनेजमेंटचं मोड्यूल (या इंजिनला साधा थर्मोस्टॅट नाही, पंपाजवळ मोटारवर चालणारा रोटरी व्हॉल्व्ह आहे आणि ते प्लॅस्टिकचं हाउसिंग गळायला लागणं हे या इंजिनचं जुनं दुखणं). नाही फिरला तर फ्यूज बघा आणि फॅनचा कनेक्टर काढून पिनांकडं नीट बघा. आमच्या इथं पावसात गगनबावडा-आंबोलीकडं फिरणाऱ्या गाड्यांचे कनेक्टर आतून हिरवे झालेले असतात, आणि जास्त करंट खाणाऱ्या फॅनचा कनेक्टर तपकिरी होऊन एका बाजूनं वितळलेला दिसतो. हिरवा असेल तर साफ करून नवीन पिना टाकून काम होऊन जातं. तपकिरी असेल तर मोटार आतून जड झालेली असते, नुसता कनेक्टर बदलला तर तोही जळणार.

आणखी एक, ऊस हंगामात ट्रॉल्यांच्या मागं मागं गाडी चालवली की पाचटाचा भुसा आणि जाळलेल्या फडाची काजळी रेडिएटरपुढच्या एसीच्या कंडेन्सरवर जाऊन बसते. फॅन फिरालाय पण वारं येईना अशी तक्रार असेल तर आधी हे धुऊन घ्या, पण प्रेशर वॉशरनं नको, कंडेन्सरच्या बारीक पट्ट्या (फिन) वाकतात.

फॅन मेलाय हे नक्की झालं की खरी निवड सुरू होते. या गाडीत पुढं एसीचा कंडेन्सर, त्यामागं टर्बोचा इंटरकूलर आणि त्यामागं रेडिएटर असे तीन थर एकमेकांना लागून बसलेत, आणि फॅनला तिन्हीतून वारं ओढायचं असतं. नुसता फिरून उपयोग नाही, जोर लागतो. फॅन दोन असतात, मोठा साधारण ३६० मिलिमीटरचा आणि लहान २९५ चा. मोठ्यात कंट्रोलरही आहे, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सांगेल तसा तो वेग कमीजास्त करतो, आपल्या जुन्या मारुतीसारखं रिलेनं चालू-बंद नाही. बहुतेकदा मरतो तो मोठाच, आणि त्यातही मोटारीपेक्षा कंट्रोलर जास्त वेळा.

आता रिवाइंडिंग. उद्यमनगरातल्या लोकांच्या हाताला तोड नाही, कोल्हापूरच्या फाउंड्र्या आणि मशिनशॉप ज्यांच्या जीवावर चालतात ती ही माणसं. कार्बन ब्रश झिजलेत, बुश वाजतोय एवढंच असेल आणि मोटार ब्रशवाली असेल तर ते काम मस्त करतात, पैसेही किरकोळ. पण कंट्रोलर जळालेला असेल तर वायंडर काय करणार. काहीजण कंट्रोलर बायपास करून थेट वायर जोडून देतात, इग्निशन चालू की फॅन फुल. ते महाद्वार रोडवरनं घरी पोचायला ठीक. दुसरा मुद्दा, रिवाइंड केलेली मोटार कंपनीच्या वेगाच्या ८० टक्क्यांनी जरी फिरली तरी आपल्याला वाटतं की बरंय, पण वारं ओढायचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो (०.८ × ०.८) म्हणजे ६४ टक्केच उरतो, आणि तीन थरांतनं ओढायला तो पुरत नाही. हिवाळ्यात कळणार नाही. एप्रिलमध्ये कळेल.

स्पालचं म्हणाल तर कंपनी इटलीची, फॅन एक नंबर, रेसवाले उगीच वापरत नाहीत. ट्रॅकसाठी गाडी करताय, स्टँडअलोन (कंपनीच्या जागी बसवलेला वेगळा) ईसीयू आहे, तर डोळे झाकून तोच घ्या. पण रोज वापरायच्या आरएसमध्ये त्याला शीट मेटलचं श्राउड (फॅनभोवतीचं आवरण) बनवा, रिले, जाड वायर, वेगळा फ्यूज, टेंपरेचर स्विच हे सगळं आलं. ४०० वॅटचा फॅन १३.५ व्होल्टला जवळपास ३० अँपिअर खातो, चालू होताना त्याहून जास्त, त्यामुळं बाजारातला पातळ वायरिंग किट लावला तर आग लागायची वेळ. शिवाय ओरिजिनल फॅन सापडत नाही म्हणून ईसीयू फॉल्ट टाकत बसणार ते वेगळंच. आपल्याकडं श्राउड बनवणारे मिळतील हो, पण ईसीयूला समजावणारा मिळायला पाहिजे.

जुना काढलेला माल हा नाइलाजाचा पर्याय आहे, पण आरएसच्या बाबतीत नाइलाज खरोखर होऊ शकतो. २४५ तर भारतात २०० च आल्या. नशीब असं की फॅन फक्त आरएसचा नसतो, त्याच प्लॅटफॉर्मच्या इतर गाड्यांतही तसाच दिसणारा येतो. दिसणारा म्हटलं मी. वॅट वेगळे असतात, म्हणून पार्ट नंबर शेवटच्या अक्षरासकट जुळवा, १.८ ऑक्टाव्हियाचा बसतोय म्हणून घेऊ नका. आणि पुरातली गाडी ओळखायला शिका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला शिरोलीपाशी हायवेवर पाणी आलं होतं, त्या काळात सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या किती गाड्या बुडाल्या ते आपण बघितलंय, त्यांचे पार्ट कुठंतरी गेलेच असणार. फॅनच्या हबच्या मागच्या बाजूला बोट फिरवा, बारीक गाळाची पिवळट रेघ लागली तर ठेवून द्या तिथंच. हातानं पातं फिरवलं तर गुळगुळीत फिरून हळूच थांबायला पाहिजे, खरखर नको.

शोरूमचा नवीन आणि बिनलोगोचा ओईएस (फॅन बनवणाऱ्या कंपनीचाच, फक्त डब्यावर गाडीचा लोगो नाही) यातली निवड तशी सोपी आहे. ब्रोझे, बॉश, व्हॅलिओ असल्याच कंपन्या गाडीवाल्यांना फॅन पुरवतात आणि त्यातला बराच माल स्वतःच्या डब्यातही विकतात. तुमच्या जुन्या फॅनवर कुणाचं नाव आहे ते टॉर्च मारून वाचा, त्याच कंपनीचा, तोच वॅट, तोच कनेक्टर असा मागवा. माझं मत विचाराल तर हाच घ्या. शोरूमवर फरक पडतो तो दोनच गोष्टींत, पार्टला वॉरंटी आणि काही झालं तर भांडायला जागा. गाडी एक्स्टेंडेड वॉरंटीत असेल तर शोरूम सोडून दुसरीकडं जाऊच नका. कोटेशन जुनं असेल तर परत मागवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी लागतो, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता. ऑनलाइन मिळणारे नाव नसलेले स्वस्त फॅन मात्र नकोत, पाती बघूनच कळतं, पातळ आणि सपाट असतात, आवाज भरपूर आणि वारं बेतानं.

दोन्ही फॅन एकदम बदलायचे का? मोठा गेला असेल आणि लहान बिनआवाजाचा फिरत असेल तर नको. लहान खरखरत असेल तर करून टाका, सगळं उघडलेलंच आहे, मजुरी परत द्यायला नको. नुसता फॅन बदलताना कूलंट काढायची गरज पडत नाही, मेकॅनिकनं काढलंच तर परत भरताना गुलाबी-जांभळं कंपनीचंच मागा, काउंटरवरचं हिरवं मिसळू देऊ नका.

पार्ट यायला वेळ लागणार असेल तर तोवर गाडी गावात काढू नका. काढावीच लागली तर एसी बंद, आणि डोंगलवर आकडा ११० च्या आसपास गेला की हीटर फुलवर लावून काचा खाली करा, बाजूला थांबायला जागा शोधा. ॲल्युमिनियमचा हेड एकदा वाकला की फॅनचा खर्च चिल्लर वाटायला लागतो.

नवीन बसवल्यावर टेस्ट गॅरेजच्या दारात करू नका. दुपारच्या उन्हात एसी फुल लावून दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत सोडा, डोंगल चालू ठेवा, आकडा चढून फॅन लागल्यावर परत खाली यायला पाहिजे, आणि गाडी बंद केल्यावर फॅन थोडा वेळ फिरत राहिला तर घाबरू नका, तो तसाच फिरतो.