तीन कार्बोरेटर ‘सिंक’ करतो म्हणून 16,250 घेतले आणि पिस्टन जाळून गेला

तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात ज्यांच्या होड्या चालतात, त्यांनी हे वाचाच. बाहेरच्या राज्यातून एक माणूस येतो, सोबत डिस्प्लेवाला राखाडी डबा असतो. ‘कॉम्प्युटरवर कार्बोरेटर (इंजिनला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग) सिंक करून देतो’ म्हणतो, म्हणजे सगळे एका तालात चालवून देतो. त्याला मशीनला हातसुद्धा लावू देऊ नका.

माझं मशीन म्हणजे होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन, 40 एचपीचं टू-स्ट्रोक, तीन सिलेंडर, तीन कार्बोरेटर. स्लोवर धडधडत होतं, थ्रॉटल दिला की गचके. महाशिवरात्रीची चांगदेवची यात्रा तोंडावर होती आणि होडी काठाला बांधून बसणं मला परवडणारं नव्हतं. आपल्याकडे ट्रॅक्टरचा मिस्तरी गावोगाव सापडतो, आउटबोर्डचा शोधून सापडत नाही. म्हणून बोलावला. ज्यांना वाटतं की मी आधी चौकशी करायला हवी होती, त्यांनी सांगावं, कोणाकडे करायची?

8,000 ॲडव्हान्स यूपीआयवर घेतले, काम झाल्यावर 8,250. हिशोब तोंडीच: तीन रिपेअर किट प्रत्येकी 1,850 प्रमाणे 5,550, जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पुंगळी) 2,400, सिंक्रोनायझेशन 6,500, येण्याजाण्याचे 1,800. बिल मागितलं तर म्हणे, ‘दादा, व्हॉट्सॲपवर टाकतो.’ आजपर्यंत आलं नाही.

आता जे डोळ्यासमोर होतं ते सांगतो, कारण तेच आठवून रात्री झोप लागत नाही. तिन्ही कार्बोरेटरच्या फुलपाखरी झडपांना जोडणारी उभी पट्टी असते. सिंक करायचं म्हणजे त्या पट्टीचे स्क्रू ढिले करायचे, तिन्ही झडपा पूर्ण बंद बसवायच्या आणि मग स्क्रू आवळायचे, म्हणजे तिन्ही एकाच क्षणी उघडतात. टू-स्ट्रोकला हे काम मशीन बंद ठेवूनच होतं. याने मात्र मशीन चालू ठेवलं, डब्याची वायर प्लगच्या वायरीला अडकवली आणि आकडा स्थिर झाल्यावर ‘सिंक झालं’ म्हणाला. पट्टीच्या स्क्रूवर जुनी ग्रीस होती, तिच्यात चिकटलेली नदीची रेतीही होती. ती जशीच्या तशी! मी तिथे वीतभर अंतरावर उभा होतो. मी विचारलं, ‘भाऊ, हे स्क्रू खोलले नाहीत?’ तर म्हणाला, ‘ते जुन्या पद्धतीत.’ जो माणूस बोटावर जेट-फ्लोटची नावं फाडफाड घेतो, त्याला खोटं कसं ठरवायचं? तो डबा फक्त आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, दाखवणारा मीटर होता, हे नंतर दुसऱ्या मिस्तरीने सांगितलं.

यात्रेच्या गर्दीत, भरल्या होडीत, भर पाण्यात मशीन जाम झालं. माणसं सुखरूप काठाला आली ती शेजारच्या होडीवाल्याच्या दोरामुळे. खोलल्यावर कळलं, नवी गॅस्केट फक्त खालच्या कार्बोरेटरला, तोच त्याने माझ्यासमोर उघडला होता. वरचा उघडलाच नव्हता, मेन जेट पांढऱ्या थराने अर्धा बुजलेला. पेट्रोल कमी, हवा जास्त, आणि टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलसोबतच जातं, म्हणजे ऑइलही कमी. वरचा पिस्टन भाजला. दुरुस्ती 21,400. एकूण 37,650 गेले, यात्रेची कमाई वेगळीच.

फोन केला तर उलट मलाच, ‘तुम्ही ऑइल कमी टाकलं असेल.’ मी 20 लिटरला 400 मिली मोजून टाकतो! मग नंबरच बंद.

पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे राजीखुशीने दिले, प्रकरण दिवाणी आहे. न केलेल्या कामाचे खोटं सांगून पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 कशासाठी आहे? मग म्हणाले, माणूस दुसऱ्या राज्यातला, तिकडे जा. अहो, गुन्हा तापीच्या काठावर घडला, मी तिकडे कशाला जाऊ? अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही, मागितली तर ‘साहेब आल्यावर’. 1930 या सायबर हेल्पलाइनवर ऐकवलं की हा ऑनलाइन फ्रॉड नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. प्रत्येक टेबलावरचा माणूस पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो, आणि तोवर तो डबेवाला पुढच्या धरणावर पोचलेला असतो. होडीवाल्याचे 16,250 म्हणजे यांना चिल्लर वाटते.

अर्जाची पोच हातात आल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. मशीनचं काम झालं की जुने जेट, जुनी गॅस्केट मागून घ्या, मोजून घ्या. उरलेले पैसे पाण्यात, वजन टाकून, फुल थ्रॉटलवर चालवून बघितल्यावरच द्या. मग तिन्ही प्लग काढून बघा, एकच पांढराफटक निघाला तर तिथे पेट्रोल कमी पडतंय, लगेच थांबवा. आयडल स्क्रू (स्लोवरचं पेट्रोल-हवा जुळवणारा) कोणी जोर लावून आवळत असेल तर हात धरा, टोक खराब होतं.

जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकतोय, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली आहे. याच डब्याला ज्यांनी पैसे मोजले, त्यांनी यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि त्याचे व्हॉइस मेसेज डिलीट करू नका. माझ्या अर्जासोबत तुमचेही जोडायचे आहेत.