तार, गेज की कॅमेरा: वापरलेली पुंगळी कशानं तपासायची?

बार झालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरण्याआधी तपासावी लागते. मानेवरची, म्हणजे गोळी धरणाऱ्या तोंडाकडच्या अरुंद भागावरची, उभी चीर बघायला काही विकत घ्यावं लागत नाही. चांगला उजेड आणि भिंग पुरतं, आणि चीर दिसली की पुंगळी भंगारात. डोळे फसतात ते बुडाशी. बुडाच्या जरा वर आडवं चकाकतं वळं दिसतं. आतून पितळ पातळ होत चालल्याची ती खूण असेल, नाहीतर साइझिंग डायची (पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्याची) नुसती घासण. बाहेरून दोन्ही सारखीच.

इथे माझं मत तारेला. पेपरक्लिप सरळ करा, टोक दोन-तीन मिलिमीटर काटकोनात वाकवा आणि कानशीवर घासून अणकुचीदार करा. आत घालून, भिंतीला टेकवत बुडाकडून वर ओढा. पितळ झिजलं असेल तिथे टोक खाचेत अडकतं. खर्च शून्य, पण हात बसावा लागतो. सुरुवातीला आतला बुडाचा उतारसुद्धा खाच वाटतो. आधी कोऱ्या पुंगळीत तार फिरवून पाहा.

बारीक कॅमेरा दिसायला भारी, पण काजळी आणि पितळेची चमक यांत उथळ खाच हरवते. पहिली खरेदी म्हणून नकोच.

गेज म्हणजे पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) कुठे आहे ते मोजणारं साधन. त्याचं काम वेगळं. तार झालेलं नुकसान सांगते, गेज कारण पकडतं: साइझिंगमध्ये खांदा गरजेपेक्षा मागे दाबला, तर पुंगळी दर बाराला ताणली जाते. खांद्याच्या रायफल पुंगळ्या पुन्हापुन्हा भरणार असाल तर तारेपाठोपाठ गेज घ्याच. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांना खांदाच नाही. तिथे तोंडाची चीर आणि बुडाचा फुगवटा बघा.

व्हर्निअर (लांबी मोजायचं साधन) मात्र रायफल आणि पिस्तूल, दोन्ही पुंगळ्यांना हवा. .३०८ विंचेस्टर या रायफल काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी ५१.१८ मिमी. सारखी कापावी लागत असेल, तर ते वाढलेलं पितळ भिंतीतूनच आलंय.

प्रायमर (बुडात बसणारी, ठिणगी पाडणारी टोपी) बसवताना जोरच लागला नाही, तर कुठलंही साधन काढू नका, पुंगळी संपली. आणि धुताना अमोनिया टाळा. ब्रिटिश फौजेची तबेल्यात ठेवलेली काडतुसं हिंदुस्थानच्या पावसाळ्यात तडकत, ती घोड्यांच्या मुतातल्या अमोनियानं.

एका पुंगळीत तार अडकली, की ती उभी कापून खात्री करा. खाच खरी निघाली तर तितकेच बार झालेला सगळा गट बाद. टाकताना तोंडं पक्कडीनं चेपा, म्हणजे चुकून परत डब्यात जाणार नाहीत.