अंगठी नष्ट झाल्यानंतरची सहा प्रकरणे

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा अखेरचा खंड, ‘द रिटर्न ऑफ द किंग’, १९५५ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या वाचनात सगळे लक्ष गोंडोर राज्याची राजधानी मिनास तिरिथच्या वेढ्याकडे आणि दुष्ट सॉरॉनच्या शक्तिशाली अंगठीचे काय होते याकडे लागलेले असते. पुन्हा वाचताना ती घाई उरत नाही आणि मग या खंडाची रचना किती धाडसी आहे ते ध्यानात येते. उत्तरार्धात नऊ प्रकरणे आहेत, अंगठी त्यांतील तिसऱ्याच प्रकरणात नष्ट होते, आणि पुढची सहा प्रकरणे लेखकाने राज्याभिषेक, निरोप व घरवापसी यांना दिली आहेत. माझ्या मते पुस्तकाचा खरा कस तिथेच आहे.

त्या सहांतही हॉबिट या बुटक्या लोकांच्या शायर या प्रदेशातील उच्छादाचे प्रकरण सर्वांत अस्सल उतरले आहे. अंगठी वाहून नेणारा फ्रोडो, त्याचा माळी व सोबती सॅम आणि त्यांचे दोन मित्र असे चौघे हॉबिट महायुद्धातून परततात, तर गावाच्या पुलावर फाटक बसवलेले, खाणावळी बंद, भिंतींवर नियमांच्या पाट्या, रस्त्याकडेची झाडे तोडलेली, जुन्या गिरणीच्या जागी नदीत घाण सोडणारी नवी गिरणी आणि सॅम राहत असे त्या आळीत वाळूची खाण. फ्रोडोचा वडीलधारा नातलग बिल्बो याच्या वाढदिवसाचे भाषण ज्या झाडाखाली झाले, तेही तोडून मैदानात टाकलेले पाहून सॅमला रडू कोसळते. हे शत्रूच्या मॉर्डोर या देशापेक्षा वाईट, कारण हे आपले घर आहे, असे त्याला वाटते. घोडबंदर रस्त्याकडेची झाडे जाताना आणि येऊरच्या पायथ्याशी एकामागून एक टॉवर उभे राहताना पाहिलेल्या ठाणेकराला या पानांची कल्पित भूमी फारशी परकी वाटणार नाही. २००३ च्या चित्रपटाने अकरा ऑस्कर मिळवले, परंतु हे प्रकरण पूर्णपणे वगळले. केवळ चित्रपट पाहिलेल्यांना म्हणूनच शेवट अर्धाच ठाऊक आहे.

शायर सावरते ते सॅमच्या चिकाटीमुळे. अमर एल्फ वंशातील गॅलाड्रिएलने दिलेल्या पेटीतील गुणकारी माती तो स्वतःच्या बागेपुरती न ठेवता शायरभर हिंडून प्रत्येक नव्या रोपाच्या मुळाशी कणाकणाने घालतो. फ्रोडोच्या वाट्याला मात्र बरे होणे येत नाही. जखमा झाल्या त्याच तारखांना, मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, त्याचे दुखणे उलटते. ते तो कोणाला कळू देत नाही आणि गावात त्याला मानही फारसा मिळत नाही. स्वतः पहिल्या महायुद्धात सोमच्या आघाडीवर लढलेल्या लेखकाने हे अत्यंत संयमाने लिहिले आहे.

पूर्वार्धाबद्दल माझे मत इतके एकमुखी नाही. युद्धवर्णनांची भाषा काही ठिकाणी मुद्दाम जुनाट केलेली असून तेथे वाचन रेंगाळते. युद्धात उतरणाऱ्या एओविनसारख्या तेजस्वी व्यक्तिरेखेचा प्रश्न पुढे उत्तरार्धातील एका प्रकरणात, जवळजवळ एका संवादात, मिटवला जातो, हे आजही पटत नाही. याउलट गोंडोरचा कारभारी डेनेथोर पूर्वीपेक्षा अधिक भेदक वाटला: त्याच्या दूरचे दाखवणाऱ्या दिव्य गोलकात दिसलेले खोटे नसते, फक्त शत्रूच्या सोयीचे तेवढेच त्याला दिसते, आणि तेवढ्यावर एक बुद्धिमान माणूस खचतो. रोज रात्री मोबाइलवर बातम्या चाळणाऱ्यांनी तो भाग अवश्य वाचावा.

परिशिष्टे रुक्ष समजून सोडू नयेत. गोंडोरचा राजा होणारा ॲरागॉर्न व एल्फकन्या आर्वेन यांची कथा, तिच्या करुण शेवटासह, पहिल्याच परिशिष्टात आहे, आणि सॅमचे पुढे काय झाले ते कालपटाच्या कोरड्या नोंदींतून कळते. माझ्या पेपरबॅक प्रतीत मात्र परिशिष्टांचा टाइप इतका बारीक आहे की चाळिशी लागलेल्यांनी प्रत आधी हातात घेऊन पाहावी. गोंडोर व मॉर्डोरचा नकाशाही बांधणीच्या घडीत निम्मा गडप झाला आहे. मुळात ही एकच सलग कादंबरी असल्याने नवख्या वाचकाने हा खंड सुटा घेण्यात अर्थ नाही. तिन्ही खंड एकत्र बांधलेली आवृत्तीही मिळते, पण ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्यांनी तीन वेगळे खंडच घ्यावेत.