गाडीच्या स्टिरिओत बाबांचा संग्रह : आठ महिने वापरल्यावर

चतुर्थी आटोपली आणि घरातला गाण्यांचा संग्रह गाडीत ऐकता येईल असा लावायचं काम हाती घेतलं, तेव्हा वाटलं होतं की दोन रविवारांत उरकेल. आता मे उजाडलाय. संग्रह माझा नव्हे, बाबांचा. त्यांनी कॉम्प्युटरवर चढवलेल्या सीडी, कॅसेटवरून उतरवून घेतलेली देवळातली भजनं आणि घुमट या मातीच्या वाद्यावर म्हटलेल्या आरत्या, मित्रांकडून आलेल्या एमपीथ्री, असं सगळं मिळून ७० जीबीच्या आसपास. मूळ सीडी-कॅसेटी फोंड्याच्या पावसात बुरशीने खाल्ल्या. हार्ड डिस्कवर आहे तेवढंच उरलंय. मी रोज फोंडा-पणजी करतो आणि गाणं ऐकायला निवांत वेळ म्हणाल तर तो गाडीतच.

‘ऑनलाइन सगळं मिळतं की’ हे मला दहा जणांनी सांगून झालंय. मिळतं, नाही असं नाही. पण आमच्या वाड्यावरची आरती तिथे कुणी ठेवलेली नाही, आणि बेळगावला जाताना चोर्ला घाटात रेंज गेली की गाणंही गेलं.

आधी सोपा मार्ग धरला : सगळं फोनमध्ये घालायचं आणि ब्लूटूथने गाडीत वाजवायचं. केबल लावून कॉपी करायला घेतलं, तर कॉम्प्युटर दर पंधरा-वीस मिनिटांनी अडायचा आणि कुठपर्यंत गेलं ते सांगायचा नाही. शेवटी फोनमधलं मेमरी कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घातलं. एका रात्रीत काम झालं. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

फोनवर वाजतं उत्तम. फूबार२००० हे गाणी वाजवायचं अ‍ॅप टाकलंय, ते फोल्डरप्रमाणे दाखवतं, फ्लॅकही (दर्जा न घटवता साठवलेल्या मोठ्या फाइली) वाजवतं, देवनागरी नावं नीट दिसतात. पण गाडीत बसलं की कटकट. गाडी चालू केली की फोन आपला आपण जोडला जायचा आणि रोज यादीतलं पहिलंच गाणं सुरू व्हायचं. महिनाभर रोज सकाळी तीच अभंगाची पहिली ओळ ऐकली. त्यात मेसेज आला की टिंग. एकदा आईला घेऊन मडगावला चाललो होतो, मारव्याचा आलाप रंगात आला होता, तेवढ्यात नकाशावाली म्हणाली की दोनशे मीटरवर डावीकडे वळा. मागून आई : “रे, ही बाय कोण मध्येच बोलते?” त्या दिवशी ठरवलं, गाडीसाठी पेनड्राइव्हच.

आणि खरी शाळा तिथून सुरू झाली.

६४ जीबीचा पेनड्राइव्ह आणला, भरला, लावला. स्टिरिओ म्हणतो, फाइलच नाही. पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात; ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये होता आणि माझा स्टिरिओ फक्त जुनं फॅट३२ वाचतो. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२चा पर्यायच येत नाही. त्यासाठी वेगळी साधनं मिळतात, पण मी सरळ ३२ जीबीचा दुसरा आणला. ३२० केबीपीएसने, म्हणजे एमपीथ्रीच्या सगळ्यात वरच्या दर्जाने, भरला तरी त्यात २२० तास मावतात, एवढं पुरे. फ्लॅक हा स्टिरिओ वाजवत नाही. नाही म्हणूनही सांगत नाही, गुपचूप पुढच्या गाण्यावर उडी मारतो. म्हणून गाडीसाठी एमपीथ्रीच्या वेगळ्या प्रती काढल्या. बाणस्तारीच्या पुलावर टायरच्या आवाजात फ्लॅक आणि ३२० केबीपीएस यांतला फरक मला तरी कळत नाही, आणि ज्याला कळतो त्याने गाडी कोण चालवतंय तेही बघावं.

मग क्रम. कॉम्प्युटरवर ०१, ०२, ०३ असं व्यवस्थित दिसतं, गाडीत मात्र ०७ नंतर ०२. मला वाटलं स्टिरिओच बिघडला. दुकानदारही म्हणाला, बदलून घ्या. बिघाड कसलाच नव्हता. कॉम्प्युटर फाइलींची नावं लावून दाखवतो. माझ्या स्टिरिओला तेवढा उत्साह नाही, पेनड्राइव्हच्या यादीत ज्या क्रमाने नोंदी पडल्या त्याच क्रमाने तो वाजवत सुटतो. शिवाय एखादी फाइल पुसून नवीन घातली, तर तिची नोंद पुसलेल्याच्या रिकाम्या जागी जाऊन बसू शकते. सप्ताहाच्या भजनांमध्ये एकदम एक ठुमरी का आली, त्याचा उलगडा असा झाला. उपाय म्हणजे ड्राइव्हसॉर्ट नावाचा छोटा प्रोग्राम : तो नोंदीच नावाप्रमाणे लावून देतो. काही भरलं की शेवटी तो एकदा चालवायचा, दोन मिनिटांचं काम. हे दोन मिनिटांचं काम कळायला मला दिवाळी उजाडली.

नावांचं मात्र दोन मिनिटांत भागलं नाही. सीडीवरच्या गाण्यांची नावं कॉम्प्युटर इंटरनेटवरून आणतो. बाबांनी सीडी चढवल्या तेव्हा घरात इंटरनेट नव्हतं, त्यामुळे शेकडो फाइलींचं नाव ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ एवढंच. सुदैवाने त्यांची वही होती. सीडीचा नंबर, गायक, राग, ताल, आणि समासात शेरा : ‘तबला फार पुढे’, ‘दुसऱ्यांदा ऐकणे’. फाइलीत गायक-रागाची माहिती, म्हणजे टॅग, लिहायच्या एमपीथ्रीटॅग या प्रोग्राममध्ये वही शेजारी ठेवून रोज रात्री एक-दोन सीडी, असं चार महिने चाललं. आमच्या तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ पासून व्हॉयेजर अंतराळयानाच्या सोनेरी तबकडीवर सूर्यमालेबाहेरची वाट चालतेय, आणि आमच्या घरी त्या ‘ट्रॅक ०३’ होत्या!

देवनागरीत टॅग लिहिले, समाधान वाटलं, गाडीत लावलं तर ओळभर चौकोन. स्टिरिओत देवनागरी फाँटच नाही. पुन्हा बसून गाडीच्या प्रतीसाठी रोमन नावं केली. त्यातही पडद्यावर पहिली वीसेक अक्षरंच दिसतात. आधी गायकाचं नाव आणि मग राग लिहिला होता, त्यामुळे ‘पंडित जितेंद्र अभिषेकी’पाशीच जागा संपायची आणि राग कुठला ते कळायचंच नाही. आता राग आधी, नाव नंतर, पंडितजींची माफी मागून.

आवाजाची पातळी हा आणखी एक ताप. जुन्या तबकडीवरून उतरलेलं गाणं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवायचा आणि पुढच्याच क्षणी घुमट कानाखाली वाजायचा. एमपीथ्रीगेन नावाच्या प्रोग्रामने सगळ्या फाइली ८९ डेसिबलवर आणल्या. तो गाणं पुन्हा एन्कोड करत नाही, फाइलमधला पातळीचा आकडा तेवढा दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतो, म्हणून दर्जा जात नाही आणि वाटलं तर मागेही फिरता येतं. स्फोट थांबले. पण आरतीचा जोरही थोडा गेल्यासारखा वाटतो, हे कबूल करतो.

संथ विलंबित संपून जलद द्रुत सुरू होताना गाण्यात मध्ये पडणारी क्षणभराची खाच अजून सतावते. सीडीवर ते दोन वेगळे ट्रॅक, पण मैफल एकच. आवडत्या आठ-दहा मैफली मी ऑडॅसिटी या आवाज जोडायच्या-कापायच्या प्रोग्राममध्ये जोडून एकेक फाइल केल्या आणि मग एमपीथ्री काढली. सगळ्यांचं करायला धीर नाही. पेनड्राइव्हचा मोठा फायदा इथे दिसतो : मर्दोळला गाडी बंद केली तर परत आल्यावर त्याच आलापाच्या त्याच सेकंदाला सुरू होतं. चाळीस मिनिटांच्या ख्यालाला हे लागतंच.

एप्रिलात पणजीत उन्हात गाडी लावून ठेवायचो. धातूच्या कवचाचा तो बारका पेनड्राइव्ह हाताला चटका देण्याइतका तापायचा. एक दिवस स्टिरिओला आणि कॉम्प्युटरला तो दिसेनासा झाला. उन्हामुळेच गेला का, सांगता येणार नाही. घरी गाडीच्या प्रतीचं फोल्डर तयार होतं, म्हणून तासाभरात दुसरा भरला. आता प्लास्टिकचा आणलाय आणि उतरताना काढून खिशात घालतो.

गेल्या रविवारी कुर्डीला गेलो होतो. साळावली धरणात बुडालेलं गाव, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. गायिका मोगूबाई कुर्डीकर तिथल्या, म्हणून जाताना त्यांचंच लावलं. पेनड्राइव्हने क्रम चुकवला नाही, कुणी मध्ये बोललं नाही. आई म्हणाली, ह्याच्यापुढे बाबा वहीत काय लिहायचे ते बघ. घरी येऊन बघितलं : ‘दुसऱ्यांदा ऐकणे’.

वहीत न सापडलेल्या सतरा फाइली अजून ‘ट्रॅक’च आहेत. त्यांतल्या एकीत मागे पाऊस ऐकू येतो आणि कुणीतरी म्हणतं, “दार लाव रे.” आवाज बाबांचा आहे. तिला काय नाव द्यायचं ते ठरलेलं नाही.