लाइमच्या नावाखाली गरोदर बायकांची फसवणूक कशी होते

कनेक्टिकट, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया या अमेरिकेतल्या राज्यांत लाइम हा जंतुसंसर्ग चाव्यातून पसरवणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडीची भीती खोटी नाही, आणि याच भीतीवर हा धंदा चालतो. थकवा, अंगदुखी, झोप न लागणं घेऊन गरोदर बाई अशा धंदेवाईक दवाखान्यात जाते. 'साध्या लॅबला लाइम सापडतच नाही' असं सांगून तिला लघवीची किंवा सीडी-५७ची (रक्तातल्या एका प्रकारच्या पेशी मोजणारी) चाचणी करायला लावतात. पैसे आधी घेतात. या दोन्ही चाचण्यांनी लाइमचं निदान होत नाही.

वेस्टर्न ब्लॉट म्हणजे लाइमविरुद्धची प्रतिपिंडं (संसर्गाशी लढणारी प्रथिनं) पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी रक्तचाचणी. तिच्यातली फसवणूक जास्त बेमालूम असते, कारण चाचणी खरी असते, निकष बदललेले असतात. पहिली रक्तचाचणी पॉझिटिव्ह किंवा संशयास्पद आली तरच ब्लॉट करायचा. त्यात आयजीएमचे (आधी तयार होणारी प्रतिपिंडं) ३ पैकी २ किंवा आयजीजीचे (नंतर तयार होणारी) १० पैकी ५ पट्टे दिसायला हवेत. लक्षणं सुरू होऊन ३० दिवस उलटले की नुसत्या आयजीएमला अर्थ उरत नाही. इथे मात्र एक-दोन पट्ट्यांवरच 'पॉझिटिव्ह' लिहून देतात. ४१ क्रमांकाचा पट्टा तर लाइम नसलेल्यांतही दिसतो. म्हणून पट्ट्यांच्या क्रमांकांसह पूर्ण रिपोर्ट मागा आणि आपल्या प्रसूतितज्ज्ञांना दाखवा. 'आमची लॅब प्रमाणित आहे' हे उत्तर पुरेसं नाही. या चाचणीला एफडीएची (अमेरिकेची औषध व चाचण्या तपासणारी सरकारी संस्था) मंजुरी आहे का, तेवढंच विचारा.

पुढचं वाक्य ठरलेलं: 'बाळाला जाईल.' उपचार न झालेला लाइम वारेपर्यंत पोचू शकतो, बाळाला संसर्ग क्वचित होतो. पण योग्य अँटिबायोटिक मिळालं तर बाळाला वाढीव धोका आढळलेला नाही. आईच्या दुधातून लाइम गेल्याचीही नोंद नाही.

अंगावर पसरत जाणारा, ५ सेंटिमीटरहून मोठा चट्टा गोचीड चावल्यावर ३ ते ३० दिवसांत उठतो. तो दिसला तर रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. इतक्या लवकर रक्तात प्रतिपिंडं बऱ्याचदा तयारच झालेली नसतात. गरोदरपणात सहसा अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १४ दिवस देतात. डॉक्सिसायक्लिन शक्यतो टाळतात. म्हणजे दोन आठवड्यांच्या स्वस्त गोळ्या.

त्याऐवजी दंडात नळी बसवून महिनोन्महिने सलाईनमधून अँटिबायोटिक देतात. अशा उपचारांत रक्तात जंतुसंसर्ग होऊन मृत्यूही ओढवल्याचं सीडीसीने (अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था) २०१७ मध्ये नोंदवलं. गरोदरपणात रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच वाढलेला असतो. अशी नळी आधीच बसवली असेल तर ती घरी ओढून काढू नका. ताप, थंडी किंवा दंडाला सूज आली तर त्याच दिवशी प्रसूतीच्या रुग्णालयात जा.